निमसे सर आणि उघडे डोळे

निमसे सरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, गावही विचारलं नाही. चष्म्यावरून पाहत एवढंच म्हणाले, "पाय कुठायत तुमचे?"

मी घाबरून खाली पाहिलं. चपला दाराबाहेर काढलेल्या होत्या आणि माझ्या टाचांना भेगा होत्या. मुलाखतीत टाचा बघतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एक पाय दुसऱ्यामागे लपवला आणि म्हणाले, "खाली आहेत, सर."

"खाली म्हणजे कशावर?"

"फरशीवर."

"गार लागते का गरम?"

"गार."

"हं. आता आलात तुम्ही. मघापासून नुसत्या दारात उभ्या होतात. बसा."

राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरेच्या अलीकडे, उसाच्या रस्त्यालगत लहान मुलांचं एक थेरपी केंद्र आहे. तिथं मी मदतनीस म्हणून लागले त्याची ही गोष्ट. माझं गाव शेवगाव तालुक्यात. आईवडील दर वर्षी ऊस तोडायला जायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे नोकरी मिळाल्याचा आनंद कमी आणि ती जाण्याची भीती जास्त होती. पण भीतीच्या बाबतीत निमसे सर माझे गुरू निघाले.

सर ऑक्युपेशनल थेरपिस्ट. शर्टाचं बटण लावणं, पेन्सिल धरणं, गर्दीत न बावरणं या गोष्टी काही मुलांना आपोआप येत नाहीत. त्यांना त्या खेळातून शिकवायच्या, हे त्यांचं काम. केंद्रात छताला चार-पाच तऱ्हेचे झोके टांगलेले होते, म्हणून गावात त्यांचं नाव 'झोक्याचे डॉक्टर' असं पडलं होतं. "काय औषध देत न्हाईत, नुसता झोका देत्यात. पन पोरगं जेवाया लागलं बगा," असं एक आजोबा एसटीत सगळ्यांना सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

त्या झोक्यांची सरांना भयंकर भीती. हूक तुटला तर? दोरी कुरतडलेली असली तर? म्हणून रोज सकाळी नऊ वाजता, मुलं यायच्या आधी, सर चष्मा काढून खिशात ठेवत आणि प्रत्येक झोक्यात स्वतः बसून वीस झोके घेत. वय अठ्ठावन्न, वजन ऐंशीच्या पुढे. एखादी आई मुलाला घेऊन लवकर आली, तर तिला पहिलं दर्शन घडे ते पोटाशी पाय घेऊन झोळीत गरागरा फिरणाऱ्या डॉक्टरांचं. एक बाई दारातूनच परत निघाल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना आणलं.

शेंगदाणा ते चार तुकडे करूनच मुलाच्या हातात देत. एसटीत नेहमी संकटकाळच्या खिडकीशेजारी बसत आणि तिची खिटी हलते का ते आधी पाहत. कुकर लावला की शिटी होईपर्यंत शेजारच्या खोलीत थांबत. आणि रस्ता! समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचं तर सर पाच मिनिटं कडेला उभे राहत. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. रस्ता रिकामा असला तरी. टपरीवाला तिकडून ओरडे, "या सर, या! कुत्रं बी न्हाई रस्त्याला!" त्यावर सर म्हणत, "कुत्रं का नाही, याचाच विचार करतोय."

लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर सांगत, "मुलगी बघायला जायचो. तिच्या हातातले पोहे हलायच्या आधी माझे गुडघे हलायचे."

ते सगळ्यांना 'अहो' म्हणत. तीन वर्षांच्या मुलालाही. "या, ओमराव, आज आपण कोणत्या झोक्यात बसता?" मला वाटायचं ही थट्टा आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "आधीच घाबरलेल्या माणसाला अरे-तुरे काय करायचं?"

शहरात ज्याला माइंडफुलनेस म्हणतात, पुस्तकात सजगता म्हणतात, त्याला सरांचा शब्द होता हजेरी. शाळेत नावाची हजेरी घेतात, सर अवयवांची घेत. "पायाची हजेरी!" म्हटलं की मुलं ज्वारीनं भरलेल्या घमेल्यात पाय घालत आणि दाणे बोटांत कसे शिरतात ते बघत. "नाकाची हजेरी!" म्हटलं की कोथिंबिरीची काडी हुंगत. सगळ्यांत शेवटी कानाची हजेरी. त्यासाठी सरांकडे तळपाय चोळायची काशाची वाटी होती. ती ते तळहातावर धरून लाकडी डावानं हलकेच वाजवत. आवाज विरत विरत जाई. तो पूर्ण संपला असं ज्याला वाटेल त्यानं सरांच्या दुसऱ्या तळहातावर आपला हात ठेवायचा. बस, एवढंच. पण सतत घोंगावणारी सात-आठ मुलं त्या अर्ध्या मिनिटात अशी बसत, की मला माझा श्वास ऐकू येई.

ही हजेरी ते मोठ्यांचीही घेत. पंधरा ऑगस्टला एक पाहुणे भाषणात अडखळले, पुढचं वाक्य काही सुचेना. पहिल्या रांगेतून सर म्हणाले, "साहेब, पाय कुठायत?" साहेबांनी खाली पाहिलं. ते रांगोळीवर उभे होते.

तर अशा या केंद्रात आरोही आली. सात वर्षांची, बोलणं जवळजवळ नाही, डोळे मात्र टपोरे आणि सगळं टिपणारे. तिची आई सुनीताताई रस्त्याकडेच्या वस्तीवर राहायची. पहिल्या दिवशी तिनं जे सांगितलं ते सांगताना ती आमच्याकडे बघत नव्हती.

"हिला मोठा आवाज सहन व्हत न्हाई, सर. कुकर वाजला, भोंगा झाला, की पळती. कुठं पळती ते तिला बी कळत न्हाई. दोनदा कॅनॉलच्या कडंला गावली. दिवाळीनंतर कारखान्याचा बॉयलर पेटंल, उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हतील. ते मेले केवढ्यानं गानी लावत्यात. घर तर रस्त्यालाच हाय." तिनं आरोहीचा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "मी तिला साडीनं बांधून ठिवती, सर. स्वैपाक करताना. बाजंला. लोकं नावं ठिवत्यात, पन मी काय करू?"

सरांनी ज्वारीचं घमेलं आरोहीपुढं सरकवलं. मग म्हणाले, "आपण ती साडी सोडवू. हंगामाच्या आत जमेल का, सांगता येत नाही. पण सोडवू."

उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत आरोही येत राहिली. वाटी आधी खोलीच्या त्या टोकाला वाजायची. मग थोडी जवळ. मग आणखी जवळ. एखाद्या दिवशी ती पळून झोक्यामागे लपायची, की सर पुन्हा पहिल्या जागी जायचे. मला हे सगळं फार सावकाश वाटे. मी कॅलेंडर बघत होते. हंगाम जवळ येत होता आणि वस्तीवर ती साडी रोज बाजेला बांधली जात होती.

त्या सुमाराला केंद्रानं मला पुण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. एसी हॉल, मऊ गाद्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई. आवाज झाला की थांबायचं, डोळे मिटायचे, पोटावर हात ठेवायचे, श्वास मोजायचा. मला इतकं शांत आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून घेतलं. वडिलांनी ते गावात चार घरी दाखवलं.

परत आल्यावर मी सरांना उत्साहानं सगळं करून दाखवलं. ते लक्ष देऊन बघत होते. शेवटी म्हणाले, "छान आहे. फक्त डोळे मिटायचे नाहीत."

"पण सर, सगळीकडे मिटायलाच सांगतात."

"सगळीकडे गाद्या असतात, वर्षाताई. आपल्याकडे रस्ता आहे."

मला वाटलं, हेही त्या कुकरच्या शिटीसारखंच. भित्रा माणूस, त्याला मिटलेल्या डोळ्यांचीही भीती. मी उलट बोलले नाही, पण मनातून ते गेलंही नाही.

मग सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते तीन आठवडे येणार नव्हते. जाताना त्यांनी मला झोक्यांची यादी दिली आणि रोज वीस झोके घ्यायला सांगितलं. ते मी घेतले. पण आरोहीला मात्र मी माझ्या पद्धतीनं शिकवायला लागले.

आणि जमलं की! डबा आपटला, की थांब. डोळे मिट. हात पोटावर. पाच-सहा दिवसांत आरोही आवाज ऐकून पळायच्या ऐवजी जागच्या जागी मूर्तीसारखी उभी राहू लागली. घरी कुकर वाजला तरी उभी. शाळेची घंटा झाली तरी उभी. सुनीताताई माझा हात धरून रडली. "मॅडम, काल मी साडी काढून घडी घालून ठिवली." त्या दिवशी घरी फोन करून मी आईला सांगितलं, की मी एका मुलीला मोकळं केलं.

सर काळा चष्मा लावून परत आले. मी त्यांना दारातच धरलं, आरोहीला मधोमध उभं केलं आणि पत्र्याचा डबा वाजवला. ती थांबली, डोळे मिटले, हात पोटावर. मी सरांकडे शाबासकीसाठी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे रस्त्यावर करून पाहिलंत?"

"नाही, सर. पण आता ती पळत नाही ना?"

"पळत नाही हे दिसतंय." त्यांनी काळा चष्मा काढला, पुन्हा लावला. "बघतही नाही, वर्षाताई. आज सुनीताताईंना सांगा, हात सोडायचा नाही. उद्यापासून पहिल्यापासून सुरू करू."

मला राग आला. तीन आठवड्यांत मी जे केलं ते यांना सहा महिन्यांत जमलं नाही, म्हणून हे बोलतायत, असं मला वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं. आणि त्या रागात सुनीताताईला सांगायचं राहून गेलं. विसरले असं म्हणता आलं असतं. पण मी विसरले नव्हते. उद्या सांगू, असं ठरवलं होतं.

कारखाना सुरू होऊन दोन दिवस झाले होते. त्याच दिवशी दुपारचे चार वाजले असतील. सुनीताताई आरोहीला घेऊन निघाली. तिच्या एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या हातात आरोहीचं दप्तर. मुलगी पुढं, आई दोन पावलं मागं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईचे हात मुलीवर नव्हते. सर आणि मी फाटकाशी उभे होतो.

आरोही रस्त्याच्या मध्यावर होती, तेवढ्यात वळणावरून ट्रॅक्टर आला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, टपावर कर्णे, त्यावर गाणं असं मोठ्यानं लावलेलं, की फाटकाची कडी थरथरली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला.

आरोही थांबली. डोळे मिटले. दोन्ही हात पोटावर ठेवले.

मी शिकवलं होतं अगदी तसंच.

मी किंचाळले, आणि माझ्या आवाजानं तिनं डोळे आणखी घट्ट मिटले. सुनीताताईच्या हातातली पिशवी पडली, पण पाय हलेनात. माझेही हलेनात. मला दिसत होतं ते इतकंच, की ट्रॅक्टर मोठा होतोय आणि ती मुलगी शांतपणे श्वास मोजतेय.

रिकामा रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लावणारे निमसे सर तेव्हा रस्त्यावर होते. ते आरोहीकडे गेले नाहीत. तिला ओलांडून थेट ट्रॅक्टरच्या दिशेनं पळाले, डोक्यावरचा रुमाल फडकावत, मधोमध. एवढा मोठा माणूस समोर दिसल्यावर ड्रायव्हरनं ब्रेकवर अंग टाकलं. ट्रॉल्या आडव्या हलल्या, उसाची एक मोळी सुटून डांबरावर आली, आणि सगळं थांबलं. सरांच्या आणि बोनेटच्या मध्ये दोन हात जागा होती.

गाणं अजून चालूच होतं. ड्रायव्हर अर्धा बाहेर आला. "ओ म्हातारं! मरायचंय का?"

सरांना धाप लागली होती. ते म्हणाले, "पाय... पाय कुठायत तुमचे?"

"बिरेकवर हायेत! दिसत न्हाई व्हय?"

"हं. तिथंच ठेवा. आणि ते गाणं बंद करा."

त्यानं गाणं बंद केलं. सर मागं वळून आरोहीपाशी आले, तिला न शिवता समोर उकिडवे बसले आणि खोलीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "आरोहीताई, आवाज संपला बघा." आणि हात पुढं केला. आरोहीनं डोळे उघडले, ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि त्यांच्या तळहातावर हात ठेवला. तिच्या दृष्टीनं वाटीचा एक मोठा आवाज झाला होता आणि तो संपला होता.

त्यानंतर दोन दिवस सर केंद्रात आले नाहीत. आरोहीही आली नाही. सुनीताताईचा निरोप आला, "आता न्हाई पाठवीत. साडीच बरी." मी राजीनामा लिहिला. मदतनिसाच्या नोकरीला राजीनामा लागतो का हे माहीत नव्हतं, तरी लिहिला आणि सरांच्या खोलीवर गेले.

दार उघडंच होतं. सर पलंगावर बसले होते, बाहेर जायचे कपडे घालून, पायात बूट. मी सगळं सांगितलं. राग आला होता तेही, निरोप दिला नाही तेही. त्यांनी कागद घेतला, वाचला आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवला.

"दोन दिवस झाले, मी सकाळी बूट घालतो," ते म्हणाले. "दारापर्यंत जातो, परत येतो. तिथून पुढं काही जमत नाहीये."

"सर, तुम्ही तर त्या दिवशी..."

"त्या दिवशी मला वाटलं होतं मी पळून जाईन. उलट्या बाजूला. आयुष्यभर मला त्याचीच भीती वाटत आलीय, वर्षाताई. हूक, कुकर हे सगळं वरवरचं." त्यांनी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "आता नाही पळालो हे कळल्यावर जास्तच भीती वाटतेय. पुढच्या वेळी सगळे माझ्याच भरवशावर असतील, आणि तेव्हा पळालो तर? हे कुणाला सांगावं असं इथं कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. राग नाही ना?"

 मी म्हणाले, "सर, आरोहीला पुन्हा बांधलंय."

ते उठले. रस्त्यापर्यंत आम्ही बरोबर गेलो. कडेला पोचल्यावर त्यांनी माझा दंड धरला, आणि ओलांडून झाल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

वस्तीवर आरोही बाजेवर बसली होती, कमरेला हिरव्या साडीची गाठ. सुनीताताईनं आम्हाला पाहून तोंड फिरवलं. सर म्हणाले, "बरोबर केलंत तुम्ही. बांधलेलीच राहू द्या. फक्त साडीचं बाजेकडचं टोक मला द्या."

"म्हंजी?"

"माझ्या मनगटाला बांधा. घट्ट. मीही पळणारा माणूस आहे."

सुनीताताई आधी हसली, मग तिनं पदर तोंडाला लावला. तिनं गाठ बांधली.

त्या दिवसापासून रोज दुपारी केंद्र सुटलं, की सर आणि आरोही वस्तीसमोरच्या बांधावर बसू लागले, रस्त्यापासून वीस पावलांवर, मध्ये ती साडी. ट्रॅक्टर यायचा. दोघांचे डोळे उघडे. सर हळू आवाजात सांगत, "आला. लाल आहे. दोन ट्रॉल्या. जवळ आला. चाललाय. गेला." आणि हात पुढं करत. पहिल्या दिवशी साडी दोन्ही बाजूंनी थरथरत होती. रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर हसत, हॉर्न मारत. टपरीवाला मला म्हणाला, "सरांना काय झालंय वो? कुनी बांधलं त्यास्नी?" मी म्हणाले, "स्वतःहून बांधून घेतलंय."

दिवस गेले. थंडी वाढली. एका दुपारी मीही तिथं गेले होते; कर्णेवाला ट्रॅक्टर आला तेव्हा आरोही बांधावर उभी होती. ती पळाली नाही. थांबूनही राहिली नाही. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःहून दोन पावलं मागं, आमच्याकडे सरकली. ट्रॅक्टर जाईपर्यंत पाहत राहिली. मग येऊन सरांच्या तळहातावर हात ठेवला.

सुनीताताई दारातून बघत होती. ती आली आणि तिनं मुलीच्या कमरेची गाठ सोडली. आरोही तिचा हात धरून घराकडे गेली. साडीचं ते टोक गवतावर पडलं.

थोड्या वेळानं सुनीताताई परत आली आणि सरांच्या मनगटाची गाठ सोडायला वाकली. सरांनी हात किंचित मागं घेतला.

"माझी राहू द्या थोडा वेळ," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "अजून दोन-तीन ट्रॅक्टर यायचेत."

सुनीताताईनं माझ्याकडे पाहिलं. मी बांधावर सरांच्या शेजारी बसले, गवतावरचं टोक उचललं आणि हातात धरून ठेवलं.